कापसाचं पोट

त्याची-माझी ओळख त्याच्या कोटाच्या बटणाने करून दिली.

नाटक कंपनीत शिवणकामाला लागून मला आठवडाही झाला नव्हता. तालीम चालू होती आणि मी पहिल्या रांगेत बसून कुणाच्या तरी उसवलेल्या बाहीला टाके घालत होते. रंगमंचावर खानावळीच्या मालकाने पोट धरून हसायचं होतं. तो हसला... आणि कोटाचं मधलं बटण सुटून, सुसाट येऊन, टप्पकन माझ्या चहात पडलं.

तालीम थांबली. तो धापा टाकत पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला.

"लागलं का हो तुम्हाला?"

"मला नाही. चहाला लागलं."

"माफ करा... जरा ताणात होतं ते."

"बटण की तुम्ही?"

तो हसला. आधी त्याचे डोळे हसायचे, मग गाल, आणि सगळ्यात शेवटी पोट. मी बटण चमच्याने बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि कोटासाठी हात पुढे केला.

"आत्ता लावताय?"

"नाही, पुढचं बटण सरांच्या डोळ्यात गेल्यावर लावते."

सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. त्यांच्यासमोर कुणी असं बोलत नसे, म्हणून आजूबाजूला दोघंतिघं खुसखुसली. त्याने मात्र कोट काढून दिला आणि मी बटण लावेपर्यंत समोर शहाण्या मुलासारखा उभा राहिला. जाताना म्हणाला, "तुमचं नाव काय ते नंतर विचारतो. तोवर सुई म्हणतो. टोचते, पण कामाची आहे."

माझ्या जिभेला धार आहे हे माझी आईसुद्धा ऐकवायची. तेव्हा मी रागावले नाही. उलट... जाऊ दे.

कंपनीत त्याला सगळे मालक म्हणत. ज्याच्या नावावर साधी सायकल नव्हती, तो नाटकातल्या खानावळीपायी सगळ्यांचा मालक होऊन बसला होता. कपडेपटाची माझी खोली तळमजल्यावर होती. एक खिडकी, एक मशीन, भिंतीभर टांगलेले पोशाख आणि इस्त्रीच्या वाफेचा ऊबदार वास. तिथे मालकाच्या फेऱ्या वाढल्या. कधी काज फाटलेलं असायचं, कधी शिवण. काहीच फाटलेलं नसलं तर तो दारात उभा राहून म्हणायचा, "बघायला आलो होतो, काही फाटलंय का."

एका दुपारी मात्र तो आला तो थेट आत. स्टुलावर बसला. हातात तपासणीचा कागद होता.

"सुई, कोट सैल करता येतो तसा आतून भरताही येतो का हो?"

"काय झालं ते आधी सांगा."

"वाईट कोलेस्टेरॉल फार वर गेलंय. साखर अजून मधुमेहात गेली नाही, पण उंबऱ्यावर येऊन उभी आहे. वजनाचं तर तुम्हाला बटणानेच कळवलंय." त्याने हसायचा प्रयत्न केला, डोळ्यांपर्यंतही पोचला नाही. "डॉक्टर म्हणाले, तीन महिने देतो. खाणं बदला, रोज चाला, मग परत रक्त तपासू. नाहीच उतरलं तर गोळ्या."

"मग बदला की खाणं!"

"भीती वाटते... दोन्हीकडून. माझे वडील याच वयात गेले. जेवता जेवता हात छातीवर गेला. समोर मीच बसलो होतो." त्याने कागदाची घडी घातली. "पण हे पोट गेलं तर माझ्याजवळ उरतं काय? विंगेतून आधी पोट येतं आणि मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागतात. कालच सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं पोट हाच आपल्या नाटकाचा हिरो. बारीक मालकाला कोण बघणार? मला दुसरं काही येत नाही, सुई."

इस्त्री गरम होती, कॉलर तशीच पडली होती. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "मालक मी शिवते. तुम्ही माणूस सांभाळा."

बोलले आणि माझी मीच दचकले. इतकं थेट मी कुणाशी बोलत नाही. टोचून बोलणं वेगळं.

तेव्हापासून आमचा गुपचूप उद्योग सुरू झाला. तो जेवढा कमी होईल तेवढं पोट मी कापसाचं भरायचं, म्हणजे सरांना पत्ता लागणार नाही. मऊ कापडाच्या दोन थरांत कापूस घालून टाके मारले. पण नुसतं कापसाचं पोट उशीसारखं ताठ दिसतं. खरं पोट चालताना हेलकावे खातं. म्हणून खालच्या अंगाला धान्याच्या दोन पुरचुंड्या शिवल्या. त्यासाठी मला त्याचं चालणं, बसणं, हसणं नीट न्याहाळावं लागलं. कामच होतं ते माझं!

"हात वर करा," मी टेप घेऊन म्हणायची.

तो हात वर करायचा आणि श्वास ओढून धरायचा.

"श्वास सोडा."

"सोडला तर खरं माप कळेल तुम्हाला."

"मला खरंच हवंय."

तो हळूच श्वास सोडायचा, आणि त्याचं धडधडणं माझ्या टेपला कळायचं.

पहिला महिना त्याने मोठ्या निष्ठेने घालवला. तळलेले बटाटे सोडले, पावावरचा लोण्याचा थर सोडला, केकच्या दुकानावरून तोंड फिरवून जायला लागला. सकाळी स्वतः ओट्स शिजवायचा. एकदा माझ्यासाठीही डब्यातून आणले. मी चमचा उभा केला तर तो उभाच राहिला.

"कसे झालेत?"

"उत्तम. नाटकातल्या सरदाराच्या कॉलरला खळ हवीच होती."

आणि खरंच, त्यातली चमचाभर खळ मी कॉलरला लावली. अशी कडक झाली की सरदाराला पूर्ण अंकभर मान वळवता आली नाही. तेव्हापासून तो ओट्समध्ये पाणी नीट घालायला लागला.

एवढं करूनही महिन्याने रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल जेमतेम हललेलं, वजन तिथल्या तिथे आणि साखर आणखी वर. तो कागद टेबलावर टाकून खाली बसला.

"तळलेलं सोडलं, लोणी सोडलं, केक सोडला. आता काय जीव सोडू?"

"तो शब्द परत काढायचा नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतला तबला थांबला. मग आवाज सांभाळत म्हणाले, "दिवसभर काय काय खाता ते सांगा. एकूण एक."

तेव्हा कुठे उलगडा झाला. साखर सोडली म्हणून गडी सगळ्यात मध घालत होता. फळं चांगली म्हणून ग्लासच्या ग्लास रस पीत होता. अक्रोड हृदयाला चांगले असं ऐकलं होतं, त्यामुळे त्याच्या दोन्ही खिशांत अक्रोड असत आणि तालमीत तो ते सतत तोंडात टाकत असे.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई हसऱ्या होत्या. त्यांनी समजावलं की मध म्हणजे साखरच. फळ प्यायचं नाही, सालीसकट चावून खायचं. ओट्स, कडधान्यं, पालेभाज्या पोटभर; भात आणि पाव बेताने. जेवणानंतर लोळायचं नाही, चालायचं. आणि अक्रोड रोज मूठभर, बस्स.

"कोणाची मूठ?" त्याने निरागसपणे विचारलं.

बाईंनी त्याचा तो भला थोरला पंजा पाहिला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. "मिसेसच्या मुठीने मोजत जा," त्या म्हणाल्या.

मी छताकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे. बाईंची चूक आम्हा दोघांपैकी कुणीच दुरुस्त केली नाही.

त्यानंतर रोज दुपारी तो अक्रोडांची बरणी घेऊन कपडेपटात यायचा. मी मूठ भरायची, त्याच्या तळहातावर रिकामी करायची. मग दोघं आपापले डबे उघडायचो. त्याची उसळ आता माझ्यापेक्षा बरी व्हायला लागली होती, पण हे मी त्याला सांगितलं नाही. जेवलं की चालायला जायचो... नाटकगृहाला वळसा घालून, आणि पाऊस असला तर रिकाम्या प्रेक्षागृहात, खुर्च्यांच्या रांगांमधून. वर पत्र्यावर पावसाची सर वाजायची आणि अंधारात तो मला वडिलांच्या गोष्टी सांगायचा. एकदा खुर्चीला अडखळले तेव्हा त्याने माझा हात धरला. पुढच्या दोन रांगांपर्यंत हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. निदान मी तरी तसंच सांगणार.

तो उतरत होता. गालांमागून एक नवा चेहरा वर येत होता. माझं कापसाचं पोट वाढत होतं. खरं तर दर आठवड्याला एक थर पुरला असता, मी दोन घालत होते. जरा पक्कं असलेलं बरं, असं मी मशीनला सांगायची.

शेवटची तपासणी झाली त्याच दिवशी दुपारी पोशाखासह तालीम होती. मला अजून काही कळलं नव्हतं. तालीम संपता संपता सरांनी त्याला थांबवलं.

"इकडे ये रे. मी महिनाभर पाहतोय. काय चालवलंयस? गाल बसलेत, मान बारीक झालीय आणि पोट बघ... केवढं सुटलंय! हे लक्षण बरं नाही. आधी डॉक्टरला दाखव."

मी विंगेत होते, तोंडात टाचण्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कोटाची बटणं सोडली, पाठीमागच्या नाड्या ओढल्या, आणि पोट खसकन जमिनीवर आलं.

"दाखवलं, सर. आजच. कोलेस्टेरॉल उतरलं, साखर उंबऱ्यावरून मागे फिरली. डॉक्टर खूश आहेत."

सरांनी पोट उचललं, उलटसुलट पाहिलं, आणि सरळ स्वतःच्या कमरेला बांधलं.

"म्हणजे हे कुणालाही बांधलं, की झाला मालक?"

त्याची जागा वाचवायला म्हणून मी पोट शिवलं होतं... आणि ती जागा दुसऱ्या कुणाला घालता येईल अशी शिवून ठेवली होती!

सर विंगेत गेले, विंगेच्या कोपऱ्यावरून पोट पुढे काढून आले, पोट धरून मालकाचं ते हसू हसले. सगळे शांत. कुणीतरी खोकलं. सरांनी पुन्हा एकदा हसून पाहिलं. आता कुणी खोकलंही नाही.

"हं," सर म्हणाले. "तू कर. असाच."

तो विंगेत गेला. ढगळ सदरा, एका हाताने धरलेली पँट. कोपऱ्यावरून आला तो पाठ मागे टाकून, नसलेलं पोट सांभाळत. आधी डोळे हसले, मग गाल, आणि मग, देवाशपथ, ते पोट हसलं जे जमिनीवरही नव्हतं, सरांच्या कमरेला होतं. पहिली मीच हसले, टाचण्या सांडल्या. मग सगळे. सर तर खुर्चीत कोसळले.

"इतके दिवस प्रयोगाला लोक कापसाला हसत होते होय?" डोळे पुसत ते म्हणाले. "गाढवा, तुला हसत होते. पोट राहू दे नाटकात, पण बांधायचं तूच. आणि बाई, जरा कमी करा हो ते. कोपऱ्यावर वळत नाही."

तो पोट दोन्ही हातांवर घेऊन माझ्यामागोमाग कपडेपटात आला. टेबलावर ठेवलं. खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं.

"सुई, एक विचारू? मी जेवढा कमी झालो त्याच्या दुप्पट हे वाढलंय. तुमचं माप तर कधी चुकत नाही."

"चुकलं नाही."

"मग?"

मी दोरा ओवायला घेतला. सुईचं भोक सापडेना. "एक थर घालायला फार वेळ लागत नाही. दोन घातले की... मापं परत घ्यावी लागतात. तुम्हाला परत उभं राहावं लागतं." कान तापले होते माझे. "आवडता तुम्ही मला. आता हसा."

तो हसला नाही.

"माझ्या ताईने पहिल्याच दिवशी एक छोटी वाटी दिली होती अक्रोड मोजायला," तो हळू म्हणाला. "अगदी तुझ्या मुठीएवढी."

"मग कुठे आहे ती?"

"घरी, फडताळात. एकदाही बाहेर काढली नाही."

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. तो एक पाऊल पुढे आला.

"डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत संपणारं हे काम नाही. जन्मभर मोजून खायचं." त्याने मोकळा तळहात पुढे केला. "मूठ देशील... जन्मभर?"

मी सवयीने मूठ त्याच्या तळहातावर नेली. आज आत अक्रोड नव्हते. त्याने ती तशीच आपल्या हातात घेतली, आणि मीही ती सोडवून घेतली नाही.

"एका अटीवर," शेवटी मी म्हणाले. "पोट कमी करायचंय. नवं माप घ्यावं लागेल. हात वर कर."

त्याने हात वर केले. या वेळी न सांगता श्वास सोडला. मी टेप त्याच्या कमरेभोवती नेली, दोन्ही टोकं जुळवली, आणि आकडा पाहायचा राहूनच गेला.