ठेक्याच्या मानेवरचा बुक्का

"तबला? मी कधीच वाजवला नाही," ठेका नावाचा यंत्रमानव शांतपणे म्हणाला.

समुद्रावर तरंगणाऱ्या त्यांच्या वसाहतीतल्या विठ्ठलमंदिरात परवा शाल्मलीचं पहिलंवहिलं कीर्तन. रोज संध्याकाळी हाच ठेका तिच्या साथीला बसायचा. आणि आज सकाळी म्हणतो, कधीच नाही!

आबांनी ठेका बदलला की काय? आबा, म्हणजे तिचे संगणकशास्त्रज्ञ आजोबा, हल्ली ठेक्याचा विषय काढला की नुसतं "बघू, बघू" करत चष्मा पुसायचे.

तिनं गुपचूप सापळा लावला. संध्याकाळी तबला नेहमीसारखा घुमला. सराव संपल्यावर तिनं ठेक्याच्या मानेवर बुक्क्याचं बोट ओढलं.

सकाळी बुक्का तिथंच!

"काल संध्याकाळी काय केलंस रे?"

"माझ्याकडे नोंद नाही. सकाळी पाण्याच्या टाक्या तपासल्या. तू आबांची नात ना?"

अंग तेच, आठवण कुठे गेली? ती तडक आबांकडे गेली.

"आबा, याचं डोकं काढलंत ना तुम्ही? विठोबाची शपथ घेऊन सांगा!"

"काढलं नाही गं. शेजारी दुसरं बसवलं." आबांनी चष्मा पुसला. "पाणी तपासायला ऑपरेटिंग सिस्टिमची (यंत्राकडून कामं करून घेणारी मूळ प्रणाली) नवी आवृत्ती लागते. तुझा तबला मात्र जुन्या आवृत्तीवरच वाजतो. तिला पुसायला माझा हात धजेना. म्हणून डिस्कचे (माहितीच्या कोठाराचे) दोन कप्पे केले. एकात जुनी, एकात नवी."

"मग दोघी एकदम का नाही जाग्या होत?"

"मंदिरात कीर्तनकार दोन आले, तरी एका वेळी उभं कोण राहतं? एकच ना? तसंच. ठेका सुरू होताना बूट लोडर (सगळ्यांआधी उठणारा छोटा प्रोग्रॅम) विचारतो, कुणाला उठवू? कुणी निवडलं नाही, तर तो नवीला उठवतो. संध्याकाळी तुझ्या सरावाआधी मी जुनीला निवडायचो. तू धास्तावशील म्हणून बोललो नाही."

"आता काय कमी धास्तावले? दाखवा बघू!"

ठेका बंद होऊन पुन्हा सुरू झाला. छातीवरच्या पडद्यावर दोन नावं उमटली. शाल्मलीनं 'जुनी'वर बोट ठेवलं.

"शाल्मली, पूर्वरंगातला अभंग जरा घाईत होतोय हं," ठेका म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग म्हणाली, "आबा, तिसरा कप्पा करा ना. दोघींना उघडता येईल असा."

कीर्तनाच्या दिवशी सकाळी टाक्या तपासता तपासता ठेका थांबला. "आज तुझं कीर्तन आहे असं सामाईक कप्प्यात वाचलं. पुढे बसून ऐकू का?"

शाल्मली खुदकन हसली. "अरे, तेव्हा तू झोपलेला असशील. तबला तुझेच हात वाजवणार!"



"मग कीर्तन त्याच कप्प्यात ठेव," तो म्हणाला. "उद्या उठल्याबरोबर ऐकेन."