चौथी नौका

फरामर्ज रूदबारीच्या यादीत नौका तीन होत्या आणि तूबाखानमच्या तोंडी चार. भांडण एवढंच होतं.

फरामर्ज एकसष्ट वर्षांचा. नौदलात पंचवीस वर्षं त्यानं समुद्रतळाचे नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर कास्पियनकाठच्या अंझली बंदरात गाळ मोजायचं काम घेतलं आणि उरलेल्या वेळात त्या समुद्रावरच्या इराणी आरमाराचा इतिहास लिहायला घेतला. लिहिण्यासारखं फार होतं अशातला भाग नाही. रशियाशी झालेल्या तुर्कमानचायच्या तहानंतर जवळजवळ शंभर वर्षं या समुद्रात इराणला एकही लढाऊ नौका ठेवायची मुभा नव्हती. ती मिळाली तेव्हा लहान लहान गस्ती नौका आल्या, आणि काही वर्षांतच, इराणी पंचांगातल्या शहरीवर १३२० मध्ये, म्हणजे १९४१ च्या ऑगस्टअखेरीस, उत्तरेकडून रशियन विमानं आली. सगळं दोन-तीन दिवसांत आटोपलं. ब्याऐंशी वर्षं झाली त्याला. यंदाच्या शहरीवरमध्ये बुलव्हारवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, त्या नौकांवरच्या माणसांच्या नावांचा दगड बसायचा होता, आणि नावं फरामर्जच्या यादीतून घ्यायची असं ठरलं होतं.

म्हणून तूबाखानम दर शनिवारी सकाळी त्याच्या दारात यायची. एकोणनव्वद वर्षांची बाई, हातात काठी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. खुर्चीत बसायची, साखरेचा खडा गालात धरून चहा प्यायची आणि मग तोंड उघडायची.

"लिहिलंस का माझ्या बापाचं नाव?"

"तूबाखानम, तिन्ही नौकांच्या हजेऱ्या मी चारचारदा पाहिल्या. ऐनुल्ला नावाचा माणूस एकीवरही नाही."

"असणार कसा? तो चौथीवर होता. इंजिनाला तेल घालायचा."

"चौथी नौका नव्हती."

"मग काय तो पाण्यावरून चालत कामाला जायचा?"

फरामर्जला हसू यायचं, पण तो पेन काही उचलायचा नाही. त्याचा कागदावर विश्वास होता. चौथ्या नौकेचं बांधणीपत्र नव्हतं, तेलाची पावती नव्हती, फोटो नव्हता. तिच्याबद्दल बोलणारं अख्ख्या अंझलीत एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्या वेळी सात वर्षांचं होतं.

एका शनिवारी त्यानं तिला शेवटच्या दिवसाबद्दल नीट विचारलं. निदान तिचं समाधान व्हावं एवढ्याचसाठी.

"सकाळी बाबा पाव न्यायला घरी आला," ती म्हणाली. "आईला म्हणाला, हुकूम येईपर्यंत नांगर उचलायचा नाही असं सांगितलंय, दुपारी येतो. मी खिडकीत बसून होते. नौका समोरच होती, गाझियानच्या जुन्या धक्क्यापुढे. राखाडी रंगाची. डेकवर माणसं उभी. आईनं चहाला हाक मारली म्हणून मी मान वळवली. परत पाहिलं तर पाणी."

"बुडाली?"

"बुडताना आवाज होतो रे. बदकंसुद्धा उडाली नाहीत."

फरामर्जनं ते टिपून घेतलं आणि कागद वेगळ्या फायलीत ठेवून दिला.

त्याच आठवड्यात बंदराच्या आतल्या भागात गाळ मोजायचं काम निघालं. समुद्र वर्षानुवर्षं मागे हटतो आहे. पूर्वी जिथे माणूसभर पाणी होतं तिथे आता कमरेएवढं राहिलंय, आणि मच्छीमारांच्या लाकडी होड्याही तळाला घासतात. मासळीधक्क्यापर्यंत वाट खणायची होती. फरामर्ज शाबानच्या होडीतून निघाला. शाबान पन्नाशीचा, अखंड बडबड्या. पर्यटकांना सरोवरातली कमळं दाखवून पोट भरायचा आणि फरामर्जला मात्र दमड्यांत फिरवतो असं सगळ्यांना सांगायचा.

जुन्या धक्क्यापुढे खोली मोजणाऱ्या ध्वनियंत्रानं चमत्कारिक रेघ काढली. सगळीकडे तळ ताटासारखा सपाट, आणि मधेच वीतभर खोल खळगा. फरामर्जनं होडी मागे घ्यायला लावली. पुन्हा तीच रेघ. मग त्यानं खुणा केलेली लांब काठी काढली आणि हाताभराच्या अंतरानं तळ चाचपत गेला. दोन तास गेले. शाबान वैतागला.

"इंजिनियर, हरवलंय काय तुमचं? बायकोची अंगठी?"

फरामर्जनं काठी आडवी ठेवली. वहीत टिंबं जोडली तर आकृती उमटली. चोवीस मीटर लांब, चार मीटर रुंद, एक टोक निमुळतं, दुसरं बोथट, आणि मधोमध लांबलचक सरळ चर. शाबाननं वाकून पाहिलं.

"होडी बुडालीय की काय खाली?"

"खाली काहीच नाही. काठी चिखलात जाते. चिखल नुसता दाबला गेलाय."

"जुना ठसा असेल."

फरामर्जलाही तेच वाटलं. पण जुना ठसा एवढ्या ओहोटत्या, गाळ वाहून आणणाऱ्या पाण्यात एक ऋतूसुद्धा टिकत नाही, हे त्याला शाबानपेक्षा जास्त माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. रात्रीतून वारा बदलला होता. डोंगराकडून कोरडा, गरम गर्मेश सुटला होता आणि बंदरातल्या नांगरलेल्या सगळ्या होड्यांनी त्याच्याकडे तोंडं फिरवली होती.

चिखलातल्या आकृतीनंही.

त्यानं तीनदा मोजलं. कालची जागा अर्धीअधिक भरून आली होती, आणि ताजा दाब नैर्ऋत्येकडे वळलेला होता. नंतरचे नऊ दिवस तो रोज गेला. रोजची आकृती पातळ कागदावर काढून त्यानं एकावर एक ठेवली. सगळी निमुळती टोकं एकाच बिंदूभोवती जमली होती, फुलाच्या पाकळ्या देठाशी जमाव्यात तशी. नौदलात अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाला ते समजायला कुणाची मदत लागत नाही. नांगरावर उभी असलेली नौका वाऱ्याबरोबर अशीच फिरते.

दहाव्या दिवशी त्यानं काठी बाजूला ठेवून नुसतं पाहिलं. काळ्या पाणकोंबड्यांची रांग धक्क्याकडून पोहत येत होती. त्या जागेशी रांग वाकली, लांबट वळसा घालून पलीकडे गेली आणि पुन्हा सरळ झाली. मागून दुसरी रांग आली. तिनंही तेच केलं. हवेला तापलेल्या तेलाचा वास होता. शाबानची मोटर बंद होती.

"शाबान, तू या जागेवरून कधी होडी नेलीस?"

शाबानचं उत्तर प्रथमच एका शब्दाचं होतं. "नाही."

"का?"

"बाप नेत नव्हता, म्हणून मी नेत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून कडेकडेनं आलो. मधून नाही आलो, तुमच्या ध्यानात आलं नाही."

त्या रात्री फरामर्जला नीट झोप लागली नाही, पण ती भीतीनं नव्हे. त्याला हिशेब दिसत होता. एवढी वर्षं पाणी खोल होतं, म्हणून तिथे जे काही होतं ते तळाला न लागता तरंगत होतं. आता समुद्र उतरला आणि कणा चिखलाला टेकला. कुणाला दिसलं नाही ते चिखलाला कळलं. मग त्यानं उठून दिवा लावला आणि पाकळ्या पुन्हा पाहिल्या. पहिल्या दिवसांत आकृती निम्मं वर्तुळ फिरत होती. शेवटच्या तीन दिवसांत वारा तेवढाच असूनही ती जेमतेम हात-दोन हात हलली होती.

ती रुतत चालली होती.

शनिवारी तूबाखानम आली तेव्हा त्यानं चहा ओतायच्या आधी कागद तिच्यापुढे मांडले. बोटानं जागा दाखवली. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"इथेच," ती म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "अजून इथेच आहे होय?"

"मला माहीत नाही काय आहे ते. पण जे आहे ते आणखी महिन्यात हलू शकणार नाही."

"बाबानं सांगितलंच होतं. हुकूम येईपर्यंत नांगर उचलायचा नाही." तिनं हातातला साखरेचा खडा बशीत ठेवला. "ज्यांनी हुकूम द्यायचा ते पळाले तरी, मेले तरी. आता द्यायला कोण उरलंय? तू अधिकारी होतास ना? तू दे."

"तूबाखानम, मी नकाशे काढायचो."

"मग नकाशा काढ."

त्यानं नकाशा काढला. गाळ उपसण्याच्या आराखड्यात मासळीधक्क्याच्या वाटेला एक फाटा जोडला. जुन्या धक्क्यापासून मुख्य वाटेपर्यंत दोनशे मीटर लांब, आठ मीटर रुंद. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'नौकेच्या हालचालीसाठी'. आयुष्यात एकाही खोट्या आकड्यावर सही न केलेल्या माणसानं हे चार वेळा वाचलं आणि त्यात त्याला खोटं काही सापडलं नाही. खाली सही केली. कुणी विचारलं नाही.

यंत्र सहा दिवस खणत होतं. चालवणाऱ्याला फरामर्जनं बजावून सांगितलं, धक्क्यापुढच्या तीस मीटरांत सोंड घालायची नाही, कडेपर्यंत येऊन थांबायचं. सातव्या दिवशी सकाळी, आठ वाजता, शाबाननं तूबाखानमला हाताला धरून धक्क्यावर आणलं. लख्ख ऊन होतं. पलीकडे बाजारात कुणी वांगी भाजत होतं, त्याचा धूर पाण्यावर तरंगत होता.

"आता?" शाबान कुजबुजला.

फरामर्जला स्वतःची लाज वाटत होती. साठी उलटलेला माणूस, रिकाम्या पाण्यापुढे उभा. तरीही त्यानं सदऱ्याची बटणं लावली आणि ताठ झाला.

"नांगर उचला," तो मोठ्यानं म्हणाला. "वाट मोकळी आहे. बंदर सोडायला परवानगी आहे."

काही झालं नाही.

तूबाखानम पुढे सरकली. "बाबा," ती म्हणाली, "पाव घेऊन गेलास तो गेलासच. जा आता. आम्ही जेवलो."

पाणकोंबड्या थांबल्या.

मग पाण्याखालून गढूळ ढग वर आला. एकच, देठाच्या जागी. त्यानंतर तशाच ढगांची रांग, हळूहळू, खणलेल्या फाट्याच्या दिशेनं. धक्क्याला बांधलेल्या होड्या एकामागून एक डुलल्या.

शाबाननं तूबाखानमचा दंड घट्ट धरला.

रांग मुख्य वाटेला लागली, वळली आणि समुद्राकडे गेली.

पाणकोंबड्यांची रांग सरळ धक्क्यासमोरून, मधूनच, पोहत गेली.

फरामर्जनं दुपारी मोजणी केली. खळग्यात नुसता सैल चिखल होता. फाट्याच्या तळावर, मधोमध, बोटभर खोल ताजा चर होता. तो बंदराच्या मुखापर्यंत गेला होता आणि जिथे पाणी खोल झालं तिथे संपला होता.

संध्याकाळी त्यानं यादी काढली. तीन नौकांखाली एक ओळ सोडून 'चौथी' असं लिहिलं, नावाची जागा कोरी ठेवली, आणि त्याखाली 'ऐनुल्ला, इंजिनखोली'. पुरावा काय म्हणून विचारलं तर पाकळ्यांचे कागद दाखवायचे असं त्यानं ठरवलं. तूबाखानमनं ती ओळ पाहिली. बोट फिरवून फिरवून पाहिली, आणि त्या शनिवारी पहिल्यांदाच दुसरा पेला चहा मागितला.

चार दिवसांनी धान्याचं एक जहाज बंदराला लागलं. कप्तान बालामिर्झा हा अझरबैजानातल्या लेंकरानचा, साठीचा, फारसी बोलणारा माणूस. खोलीचे नवे आकडे घ्यायला तो फरामर्जच्या टेबलाशी आला. आकडे घेतले, चहा घेतला, आणि उठता उठता म्हणाला,

"तुमच्या गस्तीवाल्यांना नवी नौका तरी द्या हो. किती जुनं ते खटारं."

"कुठलं?"

"राखाडी. तुमच्या किनाऱ्यापासून तीस मैलांवर होतं. पहाटे अगदी जवळ आले. रेडिओ नाही, काही नाही, कर्ण्यातून ओरडून बोलत होते. फारसी मात्र फार गोड, माझ्या आजोबांसारखी."

फरामर्जनं पेन खाली ठेवलं. "काय म्हणाले?"

"तारीख विचारली. मी म्हटलं, थट्टा करतायत. दिवस सांगितला, महिना सांगितला. मग म्हणाले, साल सांगा." बालामिर्झानं टोपी घातली, पुन्हा काढली. "मी साल सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. डेकवर सगळे कठड्याला धरून उभे होते," तो म्हणाला. "ते सगळे एकदम खाली बसले."