झोळीतला वरवंटा

दुर्बीण ने, अभिषेक. कॅमेराही ने, लेन्ससकट. परत नाही आणलास तरी चालेल. फक्त तो दिवा आहे तिथेच राहू दे, कोपऱ्यात. लाइट येईपर्यंत मधू माझ्या मांडीवरच झोपेल, आणि ती मांडीवर असताना कुणी दिवा उचलून जवळ आणलेला मला चालत नाही. हसू नकोस. चुलतभाऊ आहेस म्हणून तुला सांगतो. बाहेर कळलं तर लोहाऱ्यात राहणं मुश्कील होईल.

मी कसा होतो, तुला माहीत आहे. आकाशात ठिपका दिसला रे दिसला, की नाव सांगून मोकळा. आधी शेपटी बघायची, मग पंखांची रुंदी, मग पंखांच्या टोकाची सुटी पिसं. त्यांना आम्ही बोटंच म्हणतो. शिक्रा, कापशी, सर्पगरुड... लोक फोटो पाठवायचे आणि मी चहा पिता पिता उत्तर द्यायचो. 'माहीत नाही' म्हणायचं माझ्या अगदी जिवावर यायचं. दिपाली चिडवायची, "तुमच्या नजरेतून एखांदा पक्षी सुटून राह्यला असन ना, तर तो सोताच येऊन नाव इचारन तुमाले."

मागच्या हिवाळ्यात ती माहेरी होती, मुकुटबनला. मधू पाच महिन्यांची. दोघींना घरी आणायचं, एवढंच काम होतं. सकाळी गाडी काढली, पोचलो तर घराला कुलूप. कापसाची वेचणी चालू, सगळे वावरात. मग मीही तिकडेच गेलो.

वावर नुसतं पांढरं झालं होतं. बाया दूर पलीकडच्या टोकाला वेचत होत्या. खोपडीत चूल पेटली होती, भाकरीचा वास सुटला होता. थोड्या अंतरावर कडुनिंबाला लुगड्याची झोळी बांधलेली. मी कुणाला न सांगता आधी तिकडेच गेलो. महिनाभर लेकीला पाहिलं नव्हतं रे. अलगद कापड बाजूला केलं.

आत वरवंटा होता.

पाट्यावरचा काळा दगड, दुपट्यात घट्ट गुंडाळलेला, वर मधूचं लाल टोपरं. मी उडालोच! मागून सासूबाई हसत आल्या.

"घाबरले का जी, जवाईबापू? तुमची पोरगी तिकडं हाय. बंडीखाली."

बैलबंडीच्या सावलीत, कापसाच्या ढिगावर मधू झोपली होती. मी तिच्या तळव्याला बोट लावलं. मग माझं डोकं फिरलं.

"अहो आई, हे काय? दगड झोळीत आणि लेकरू जमिनीवर? विंचू-काटा निघाला म्हणजे?"

मैनाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पदर सारखा केला. "या वावरात असंच करा लागते. झोळीत दगड निजवाचा, लेकरू भुईवर. माह्या सासूनं सांगतलं होतं."

"पण काहून?"

"मले काय मालूम? तिलेबी मालूम नव्हतं."

मी कसला गप्प बसतो! म्हटलं, बारशाला वरवंटा पाळण्यात घालतात ते ठीक, आता त्याला वावरात दुपारची झोपही हवी का? दिपाली भाकरी थापत होती. ती हसली. पण सारखी बंडीखाली बघत राहिली. माझं ते विंचवाचं बोलणं तिच्या मनात गेलं होतं. मला ते तेव्हा दिसलं नाही. मी दुर्बीण गळ्यात अडकवली आणि धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन बसलो.

छान ऊन होतं. वीजतारेवर कापशी बसली होती, पांढरी, लाल डोळ्यांची. एक भोवत्या, तोही शिकारी पक्षीच, कापसाच्या पऱ्हाटीला जवळजवळ घासत गेला. मी खूश. मग कापशी एकदम उडून गेली. होले घुमत होते तेही थांबले. बायांचं बोलणंसुद्धा ऐकू येईना. आणि कापसावर सावली आली.

मोठी होती. पांढऱ्यावर काळी, सरळ माझ्या पायावरून गेली. पायाला गार लागलं. मी वर पाहिलं.

वर काही नव्हतं.

दुर्बीण लावली. नुसतं निळं आकाश. खाली पाहिलं, तर सावली वळण घेत होती, घारीसारखी, पंख न हलवता. आता हे नीट ऐक. पक्षी उंच असला की त्याची सावली पुसट पडते, कडा विरतात. हिची कड सुरीनं कापल्यासारखी होती. म्हणजे तो पक्षी झाडाइतकाही उंच नव्हता. माझ्या डोक्यावरच असायला हवा होता. तिथे काही नव्हतं... आवाजही नाही... वास मात्र येत होता. बंद खोलीत ओलं पांघरूण राहिल्यावर येतो, तसा.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण खोडही जात नव्हती. शेपटी आखूड. पंख रुंद, गरुडाचे असतात त्याहून रुंद. मी पंखाच्या टोकाची बोटं बघायला गेलो. पाच होती. चार जवळजवळ आणि एक बाजूला, खाली, आखूड. पुढच्या घिरटीला ती पाचही हळूच मिटली आणि परत उघडली.

असा पक्षी नाही, अभिषेक. कुठेच नाही.

घिरट्या लहान होत होत्या. मधोमध काय आहे ते कळायला मला वेळ लागला. कडुनिंब होता. कडुनिंबाखालची झोळी. तेव्हा कुठे मला मैनाबाईंच्या सासूचं म्हणणं उमगलं, आणि तुला काय सांगू, मला हायसं वाटलं! झोळीत दगड आहे. ने बाबा, दगड ने. मी तसाच मागे मागे सरकत खोपडीपाशी आलो, नजर सावलीवर. आतून आवाज येत होता. घर्र... घर्र... ठेचा वाटल्याचा. मिरचीचा ठसका आला.

दोन घिरट्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या तरी तो आवाज मला कळला नाही. मग कळला.

मी गर्रकन वळलो. दिपाली पाट्यापाशी बसली होती. तिच्या हातात वरवंटा होता.

"हा... हा कुठला?"

"घरचाच. एकच तर हाय."

"मग झोळीत?"

"बंडीखाली मुंगळे निंगाले जी. तुमी म्हणत होते ना... मंग मधूले झोळीत टाकलं."

चुलीपाशी मैनाबाईंच्या हातातली भाकरी खाली पडली. "काय केलं वं माय! काय केलं हे!"

मी धावलो. पऱ्हाटीत पाय अडकून पडलो, उठलो, परत धावलो. सावली कडुनिंबाच्या सावलीत शिरली होती, तरी ती वेगळी दिसत होती, काळ्यावर काळी. ती झोळीवर चढली. झोळी एकदाच खाली वाकली, आत कुणी जड माणूस बसावं तशी. मग वर आली आणि झुलायला लागली. वारा नव्हता. मी पोचलो तेव्हा सावली कुठेच नव्हती.

मी कापड फाडलंच म्हण ना. मधू आत होती. जागी, डोळे टकटक उघडे. मला पाहून हसली. एक ओरखडा नाही, काही नाही! मी तिला छातीशी धरून हमसाहमशी रडलो. दिपाली तिचे पाय चाचपत होती, हात चाचपत होती, देवाचं नाव घेत होती. होले परत घुमायला लागले.

मैनाबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला झाडाखालून बाहेर उन्हात आणलं. लेकराकडे पाहिलंच नाही. जमिनीकडे पाहत राहिल्या.

"जवाईबापू... खाली पाहा."

मी पाहिलं. पायाशी माझी सावली पडली होती. डोकं, खांदे, दोन्ही हात. हात छातीशी दुमडलेले, काहीतरी जपून धरल्यासारखे. त्या हातांत काही नव्हतं.

मी मधूला उंच धरलं. खाली नुसते माझे हात वर गेले.

डॉक्टर म्हणतात, पोरगी ठणठणीत आहे. वजन चांगलं, दात वेळेवर आले. परवा पहिलं पाऊल टाकलं. सावली न दिसता नुसते तिचे पाय वाजले की दिपाली अजून दचकते. दुपारी मधूला आम्ही बाहेर नेत नाही. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या एका गोष्टीसाठीही.

शिकार मिळालेला पक्षी घिरट्या घालत नाही, अभिषेक. पायांत काही असलं की तो सरळ घरट्याकडे जातो, नाहीतर फांदीवर बसून खातो. हे मी तुला डोळे मिटून सांगेन. पण भर दुपारी आमच्या अंगणात कधीकधी ती मोठी सावली येते. वर काही नसतं. तिच्या पोटाशी एक लहान सावली लोंबत असते आणि ती दोन्ही हात हलवत असते.

तेव्हा मधू घरात असते, दारं-खिडक्या बंद. तिला बाहेरचं काही दिसत नाही. तरी ती खेळ टाकते आणि उचलून घे म्हणून छताकडे हात वर करते.