पाण्यानं पकडलेला पंख

"ज्ञान्या, हळू! विमान हाय ते, म्हैस न्हाय!"

संजीवनी ओरडली, तोवर धाकट्या भावाच्या कोपरानं बादली कलंडलीच होती.

कन्हेरी गावातल्या द्राक्षाच्या शेडमध्ये विशालकाका दोन सीटचं विमान जोडत होते. आज पंख धडाला बसवून बोल्टांची भोकं पाडायची होती. "एकदा भोक पडलं की पडलं," काका म्हणत. त्यांचं उड्डाण नीट झालं की दुसऱ्या सीटवर संजीवनी बसणार होती!

"पंखाची दोन्ही टोकं जमिनीपासून सारखी. टेपनं मोजलीत," काकांचे दोस्त हिंदुराव म्हणाले. ते लोणी देवकरला कारखान्यात होते. "चहा घेऊन ड्रिल लावू."

दोघं घराकडे गेले. संजीवनी मात्र सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिली. पाणी डाव्या पंखाखालून उजव्या पंखाकडे पळत होतं, थेट भिंतीकडच्या गटारीत!

"ज्ञान्या, शेड धुवायला अप्पा आजोबांनी जमिनीच्या कोब्याला उतार दिलाय!"

"मग?"

"मग जमिनीवरून मोजलेलं सारखं कसं असंल? विमानाचं धड पाणसळ लावून लेव्हलमध्ये केलंय, अन् पंख या उतारानं!"

ज्ञानेशचं हसू मावळलं. "म्हंजी वर गेल्यावर..."

"एका अंगाला कलत ऱ्हाणार."

कोपऱ्यात गवंड्याची पारदर्शक नळी पडली होती. त्यांनी ती पाण्यानं भरली. एक तोंड पंखाच्या डाव्या टोकाशी धरलं, दुसरं उजव्या टोकाशी; पाणी दोन्हीकडं एकाच पातळीवर थांबलं. डावं टोक पाण्याच्या रेषेला बरोबर टेकलं. उजवं चांगलं चार बोटं खाली!

"व्हा बाजूला, पोरांनो!" काकांसोबत परतलेले हिंदुराव ड्रिल उचलत म्हणाले.

"उचला की! भोक पाडायची बिट माझ्या खिशात हाय!" ज्ञानेश म्हणाला.

"लई आगाव झालंय हे!"

"काका, आधी पाणी बघा," संजीवनी पंखापुढून हलली नाही.

काकांनी एक टोक पाहिलं, मग दुसरं. कपाळावरचा घाम पुसला.

"मी दोनदा मोजलं रं," हिंदुराव पुटपुटले.

"दोन्हीदा जमिनीवरूनच," काका म्हणाले. "अन् मी? लहानपणापासून हीच जमीन धुतोय, पाणी याच गटारीत लोटतोय. ध्यानातच आलं न्हाय. पोरी, तू आज माझा जीव वाचवलास."

"अन् स्वतःचा बी," हिंदुराव हळूच म्हणाले.

ज्ञानेशनं बिट पुढं केली. काकांनी ती घेतली नाही.

"भोकं कधी पाडायची मग?" त्यानं विचारलं.

काकांनी नळीचं एक तोंड संजीवनीच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं.

"ही पोरगी हो म्हणंल तवा!"