पंचगंगेचा आकाशदीप

कार्तिकात काशीच्या पंचगंगा घाटावर सायंकाळी पितरांसाठी आकाशदीप लावतात. उंच वेळूच्या टोकाशी दोरीने टोपली चढवायची, आत तेवता दिवा. १९५८ च्या कार्तिकात विद्युल्लतेने आपल्या दिवंगत आईचा पहिला दिवा चढवला, तो परक्याच वेळूवर.

“हा वेळू आमचा आहे,” मागून शांत स्वर आला. हातात दिवा घेऊन वेणीमाधव उभा होता. तो पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवी.

“नाव तर कुठे दिसत नाही.”

“काशीत नाव लिहीत नाहीत. सर्वांना ठाऊक असतं.”

“मी परवाच साताऱ्याहून आले. माझे वडील, नाना, रेल्वेत आहेत; त्यांची इथं बदली झाली ना...” ती ओशाळून दोरी सोडू लागली.

“रहने दीजिए... राहू द्या. टोपली मोठी आहे. माझे वडीलही मावतील.”

दोन दिवे एकत्र वर गेले.

मग रोज तसेच घडू लागले. ती पदराच्या आडोशाने ज्योत सांभाळी, तो दोरी ओढी. वाऱ्याने एखादा दिवा विझला, तर ती दुसऱ्यावरून तो लावी आणि कोणाचा विझला हे कधी सांगत नसे. तिच्या त्या मौनाचे वेणीमाधवाला फार अप्रूप वाटे. तसे बोलून दाखवावे असे वाटे, पण ते... रोज उद्यावर जाई.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी नानांना पुन्हा बदलीचा हुकूम आला. भुसावळ. सोमवारी निघायचे होते.

पौर्णिमेला शेवटचा दिवा चढला. विद्युल्लता वर पाहत म्हणाली, “पुढच्या कार्तिकात आईचा दिवा कोण लावील?”

“मी लावीन.”

“परक्याच्या आईचा?”

“परक्याच्या नव्हे—” तो अडखळला.

“मुलांना दिवसभर वाद घालायला शिकवता, आणि स्वतःचं वाक्य पुरं होत नाही?”

“सासूबाईंचा,” तो हळूच म्हणाला, “आपली हरकत नसेल तर.”

गंगेवरून गार वारा आला. तिने पदर सारखा केला, बराच वेळ केला.

“नाना वरच्या पायरीवर बसलेत. गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत,” ती म्हणाली. “आपणच वर जा.”

दोरी तिच्या हाती देऊन तो पायऱ्या चढू लागला. तिने मागे वळून पाहिले नाही. दोन्ही मुठींत दोरी घट्ट धरून, तो परत येईपर्यंत तिने ते दोन दिवे तसेच वर तोलून ठेवले.