सील शाबूत होतं

सायन्सच्या बाई घरी उत्तरपत्रिका तपासत होत्या, तेव्हा सील ठोकायला अधिकारी आला. तरुण होता, जरा अवघडलेला. मागच्या खोलीतल्या थ्रीडी प्रिंटरचं नोझल काढून त्याने पिशवीत टाकलं, विजेची वायर कापली, आणि काचेच्या झाकणाला तार गुंडाळून शिशाचं सील दाबलं.

कुणीतरी घरच्या घरी पिस्तूल बनवलं होतं. तेव्हापासून सरकारने अशा सगळ्याच यंत्रांचा धसका घेतला होता. बाईंच्या नवऱ्याने मात्र या यंत्रावर बोटं बनवली होती. कारखान्यात ज्यांची तुटली त्यांच्यासाठी. ते अचानक गेले, आणि यंत्र बंदच राहिलं. बाई रोज त्यावरची धूळ पुसायच्या आणि पुसता पुसता शाळेतलं काहीबाही सांगायच्या.

"माझं घर, माझं यंत्र," त्या म्हणाल्या. "कुणाच्या डोळ्यांत खुपत होतं?"

"मी हुकमाचा ताबेदार, काकू."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांना तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास आला. हा वास आला की यजमान आत कामात असायचे. बाईंच्या ओठांवर हाक आली आणि तिथेच थांबली.

सील जसंच्या तसं होतं. वायरचं तुटकं टोक भिंतीपाशी लोंबत होतं. काचेआड, यंत्राच्या छपाईच्या पाट्यावर, बोटाचं एक पांढरं पेर उभं होतं.

बाईंनी घराचा मेन स्विच बंद केला आणि अंधारात जेवल्या. सकाळी पेराला दुसरं पेर जोडलेलं होतं. मग स्विच चालू काय, बंद काय, त्यांनी तो नाद सोडला. शाळा सुटली की खुर्ची ओढून त्या काचेसमोर बसायच्या. सील तोडायला हात धजावत नव्हता. तोडलं आणि थांबलं तर?

शेजारचा लेथवाला एके संध्याकाळी आला. त्याची दोन बोटं बाईंच्या यजमानांनीच बनवलेली होती.

"वहिनी, मधलं तुटलं बघा. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माझी नोकरी जाईल. सील तोडा ना, कुणाला कळतंय?"

बाई त्याला आत घेऊन गेल्या. तो वाकला आणि तसाच राहिला.

"हे माझ्यासाठी नाही," तो हळूच म्हणाला. "असा बाहेर वळलेला अंगठा तुमच्या साहेबांचा."

"हो."

"वहिनी, नखाखालचा तीळसुद्धा आहे."

तीळ बाईंनी त्याच्या आधीच पाहिला होता. लेथवाला आपल्या बोटाचं विसरूनच गेला. जाताना तो यंत्राकडे पाठ न करता गेला.

तपासणीला अधिकारी परत आला, तोवर पाट्यावर मनगटापर्यंतचा हात होता. त्याने काचेवर तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला.

"गरम आहे."

"रोजच असतं."

"सील तर शाबूत आहे." त्याने ते दोनदा तपासलं. "काकू, हे घरात ठेवता येणार नाही."

बाई दारात आडव्या आल्या. "मी काही बनवत नाही. नुसती बसते. आपल्या घरात माणसाने कुणाची वाट बघावी, त्यालाही आता परवानगी लागते का?"

त्याने खाली बघतच बाहेर थांबलेल्या हमालांना खूण केली. हमालांनी बाईंना जपून बाजूला केलं आणि यंत्र उचललं.

"एकटंच ठेवणार तिथे?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. गावभरची यंत्रं आहेत गोदामात. रॅकच्या रॅक."

घरात वास येईनासा झाला. बाई तरी खुर्ची ओढून बसायच्या, रिकाम्या टेबलासमोर. घर आता खरोखर एका माणसाचं झालं होतं.

मग एका सकाळी, शाळेला निघताना, फोन वाजला.

"काकू." अधिकाऱ्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "गोदामात वीज नाही. तरी सगळी यंत्रं गरम आहेत."

"काय आहे त्यांच्यावर?"

"आता काही नाही. सगळे पाटे रिकामे आहेत. झाकणं उघडी."

बाईंनी शाळेची पिशवी खाली ठेवली.

"यजमानांची उंची किती होती?"

बाईंनी सांगितली.

मग पलीकडे फरशीवर अनवाणी पावलं वाजली, सावकाश, आणि फोनपाशी येऊन थांबली.

"येताना कपडे आणा," अधिकारी म्हणाला. "थंडी वाजतेय म्हणताहेत."