चार सेकंद काळोख

सिनेमा बघायला आलेल्या माणसांकडे बघत बसणं, हेच तिचं काम होतं. पहिल्या रांगेच्या टोकाला, पडद्याकडे पाठ करून ठेवलेली एक खुर्ची. मांडीवर पॅड, हातात पेन्सिल, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. कितव्या मिनिटाला कोण हसलं, कोणाला खोकला आला, कोणी फोन काढला, कोण चुळबुळ करून बाहेर गेलं, हे सगळं ती टिपून ठेवायची. ऑफिसात सगळे तिला नोंदवाली म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षांत तिने एकच नियम पाळला होता: काही झालं तरी मान वळवायची नाही. नोंद घेणारी पडद्याकडे बघायला लागली की प्रेक्षक तिच्याकडे बघायला लागतात, आणि मग सगळं मुसळ केरात.

या खेपेचा सिनेमा तिने नेहमीप्रमाणे आधी ऑफिसात एकटीने बघून ठेवला होता. गुन्ह्यांच्या बातम्या देणाऱ्या एका वार्ताहराची गोष्ट. हा गडी अपघाताच्या जागी अँब्युलन्सच्या आधी पोचायचा, चित्र चांगलं दिसावं म्हणून जखमीला हाताने सरकवायचा, आणि रोज लोकांची झोप उडेल असं काहीतरी दाखवायचा. शेवटी तो कॅमेऱ्यात रोखून बघत म्हणतो, ‘ओळखीचा आवाज आला तरी दार उघडू नका.’ त्यानंतर चार सेकंद काळोख आणि मग नावं. हे चार सेकंद लोकांना जड जातात का, एवढंच दिग्दर्शकाला जाणून घ्यायचं होतं. तीन शनिवार, सकाळी अकराला, चौऱ्याऐंशी खुर्च्यांच्या छोट्या थिएटरात तीन चाचणी खेळ ठरले.

पहिल्या खेळाला लोक बसले ते नेहमीसारखेच. वार्ताहर जखमीला सरकवतो तिथे बायकांनी ‘शी’ केलं, पुरुषांनी जीभ चावली, आणि सगळे इंचभर पुढे सरकले. खेळ संपल्यावर वाटलेल्या अभिप्रायाच्या कार्डावर हीच मंडळी ‘किती विकृत’ असं लिहितात हे नोंदवालीला अनुभवाने ठाऊक होतं. तोंडाचं कोणी ऐकावं, पाय खोटं बोलत नाहीत, असं ती म्हणायची.

मग काळोख आला. या वेळी समोरचे चेहरे दिसेनासे व्हायला हवे होते. पण ते दिसत होते. कपाळांवर, चष्म्यांवर, नाकांच्या शेंड्यांवर फिकट पिवळा उजेड पडला होता. कोणी हलत नव्हतं. तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ दीड तास काहीतरी चघळत होता, त्याचं तोंडही थांबलं होतं. बाहेर जायचं दार कोणीतरी उघडलं असेल, असं म्हणून तिने प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढे गेली.

कार्डं ती सोमवारी ऑफिसात वाचायला बसली. ‘सर्वात जास्त काय लक्षात राहिलं?’ या प्रश्नाखाली बहुतेकांनी जखमीचा प्रसंग लिहिला होता. पाच जणांनी मात्र दोनच शब्द लिहिले होते: पिवळं दार. सिनेमात पिवळं दार कुठेच नव्हतं. लोक कार्डावर काय वाट्टेल ते खरडतात. एकदा एकाने किराणा सामानाची यादी लिहिली होती. तिने ती पाच कार्डं ‘इतर’मध्ये टाकली.

पिवळं दार तिच्या घराला होतं, पण ते काय, शंभर घरांना असेल. आधी फक्त घराच्या खिडक्या रंगवायच्या होत्या. रंग उरला तेव्हा बाबांनी तो दाराला फासला. बाबा म्हणजे जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, वाया घालवणं रक्तातच नाही. आता त्यांचं एक्याऐंशीवं चाललं होतं. एक कान गेला होता, उजवा खांदा आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. घरात ते दोघंच. तिने लग्न केलं नाही आणि बाबांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही, याबद्दल ती त्यांची मनापासून ऋणी होती. त्यांच्याशिवाय तिला या जगात कोणी नव्हतं, आणि हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

बाबांना एकच व्यसन जडलं होतं: गुन्ह्यांच्या बातम्या. सकाळी दात घासायच्या आधी टीव्ही लागायचा, तोही असा की जिन्यात ऐकू यावा. कुठे म्हातारीला बांधून ठेवलं, कुठे पाणी मागायला आलेल्याने गळा दाबला. दाराच्या दोन कड्या त्यांना पुरेनाशा झाल्या. तिसरी कडी त्यांनी गेल्या वर्षी बसवून घेतली, आणि सुतार उंच असल्यामुळे ती इतकी वर बसली की त्यांचा स्वतःचाच हात पोचेना. मग ती रात्री झोपताना नोंदवालीच टाचा उंचावून लावायची. दिवसा, ती बाहेर असताना, वरची कडी उघडीच असायची.

त्यावरही बाबांचं समाधान नव्हतं. चोर हल्ली आवाजाची नक्कल करतात, असं टीव्हीवर सांगितलं म्हणून त्यांनी फोन घेणं सोडलं आणि घरात येण्यासाठी खुणेचा शब्द ठरवला. टाचणी. रोज संध्याकाळी दमूनभागून घरी यायचं आणि स्वतःच्याच दारासमोर ‘टाचणी’ म्हणायचं. शेजारीण पहिल्यांदा ऐकून दार उघडून बाहेर आली होती, काही टोचलं का बघायला.

दुसऱ्या शनिवारी काळोख आला तेव्हा नोंदवालीने सेकंदकाट्यावर नजर ठेवली. चार सेकंद झाले. पाच झाले. पिवळा उजेड तिला आता स्वच्छ दिसत होता, चौऱ्याऐंशी चेहऱ्यांवर सारखा. अकराव्या सेकंदाला सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि चेहऱ्यांवर नावांचा पांढरा उजेड आला. वर जाऊन तिने प्रोजेक्शनवाल्याला विचारलं. त्याने आकडा दाखवला: एक तास बावन्न मिनिटं, गेल्या खेपेएवढाच, एका सेकंदाचा फरक नाही.

कार्डं तिने या वेळी सोमवारची वाट न बघता तिथेच, रिकाम्या थिएटरात वाचली. चाळीस जणांनी दाराबद्दल लिहिलं होतं. दाराबाहेर एक बाई उभी आहे, हाका मारते आहे, आतला म्हातारा दार उघडत नाही. ‘बातम्या बघून त्याचं डोकं फिरलंय, पण बरोबरच आहे त्याचं.’ एका कार्डावर गोल, शाळकरी अक्षरात होतं: ‘टाचणीचा भाग फारच छान.’

तिने कार्ड पालथं घातलं, पुन्हा सुलटं केलं. शब्द तोच होता.

बाबांना बोलायची सवय, जिन्यात कोणाजवळ तरी बोलले असतील, आणि तो कोणीतरी आज इथे आला असेल, अशी तिने समजूत घातली. ती नीटशी बसेना. मग खालच्या एका कार्डाने तिचा जीव भांड्यात पडला. ‘शेवटी आतून वरची कडी लागते, तो आवाज विसरता येत नाही.’ वरची कडी! ती स्वतः घराबाहेर असताना ही कडी लागूच शकत नव्हती. बाबांचा हात पोचत नव्हता आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. म्हणजे ते दार तिचं नव्हतं. हा पुरावा तिने घरी जाईपर्यंत चारदा मनात तपासून पाहिला आणि चारही वेळा तो पक्का निघाला.

तरी दिग्दर्शकाला तिने सांगून टाकलं. तो तरुण होता, पण उर्मट नव्हता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुम्ही दमलाय. काळोखात माणसाला जे बघायचं असतं ते दिसतं, म्हणून तर मी तो ठेवलाय.” शेवट बदलावा का, या प्रश्नावर एक्याऐंशी जणांनी ‘नाही’ लिहिलं होतं, तो त्यातच खूश होता. काळोख कापून टाका, असं तिने सुचवल्यावर मात्र तो हसला. नोंदवाल्यांनी नोंदी द्यायच्या, कात्री चालवायची नाही, एवढं त्या हसण्यातून तिला कळलं.

तो आठवडाभर ती घरी लवकर जात राहिली. बाबा ठीक होते, टीव्ही चालू होता. शुक्रवारी जेवताना त्यांनी सहज विचारलं, दुपारी आली होतीस तेव्हा चहा न घेताच का गेलीस? दुपारी ती ऑफिसात होती. तिने तसं सांगितलं. बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला आणि म्हणाले, डोळा लागला असेल माझा. त्या रात्री वरची कडी लावल्यावर तिने ती दोनदा ओढून बघितली. तिने ठरवून टाकलं, उद्या मान वळवायची.

तिसऱ्या शनिवारी पहिल्या मिनिटापासून थिएटरात खोकला नव्हता की हसू नव्हतं. जखमीला सरकवतो तिथेही कोणी ‘शी’ केलं नाही. सगळे कशाची तरी वाट बघत बसले होते. तिच्या पॅडवरचा कागद जवळजवळ कोरा राहिला.

काळोख आला. पिवळा उजेड आला.

तिने दहापर्यंत मोजलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मागे वळून बघितलं.

पडदा काळा होता. नुसता काळा, कडेपासून कडेपर्यंत.

पाठीमागे चौऱ्याऐंशी माणसांनी एकदम श्वास आत घेतला. ती पुन्हा त्यांच्याकडे वळली. उजेड चेहऱ्यांवर तसाच होता. सगळे तिच्या डोक्यावरून, पडद्याकडे बघत होते, आणि पाय आपापल्या खुर्च्यांखाली आखडून घेतलेले होते. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द ओळखण्यासाठी तिला आवाजाची गरज नव्हती.

नावं सुरू झाली. दिवे लागले. कार्डं गोळा करायला ती दारात उभी राहिली, कारण काम ते काम. वरचंच कार्ड म्हणत होतं: ‘बाई एकदा मागे वळून बघते, तेव्हा वाटलं आता आपण दिसणार.’ तिने कार्डांची चळत भराभर चाळली. शेवट बदलावा का? नाही. नाही. आहे तसाच ठेवा. नाही.

शेवटी शिक्षिका वाटाव्यात अशा एक बाई उरल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, पर्स छातीशी धरलेल्या. त्यांनी कार्ड दिलं, पण जाईनात. नोंदवालीकडे निरखून बघत म्हणाल्या, “तुम्हीच ना त्या?”

“कोण?”

“दाराबाहेरच्या. काम फार छान केलंत.” मग थोडं ओशाळून म्हणाल्या, “पण राग मानू नका, मला आतली जास्त आवडली.”

“आतली कोण?”

“आतली मुलगी हो. म्हाताऱ्याला चहा करून देते ती. दोन्ही कामं तुम्हीच केलीत ना?”

कार्डं कोणाच्या हातात दिली ते तिला नंतर आठवलं नाही. फोन लावला, तो वाजत राहिला, बाबा तो घेणार नव्हतेच. बस येईना म्हणून ती अर्धा रस्ता चालली आणि उरलेला धावली. भर दुपार होती. दुकानं उघडी होती, माणसं आपापल्या कामात होती, आणि त्यातल्या एकालाही थांबवून सांगता येईल असं तिच्यापाशी काही नव्हतं.

जिन्यात टीव्हीचा आवाज येत होता. तो ऐकून तिला रडू आलं. बाबा होते.

तिने किल्ली फिरवली. दार आतल्या कड्यांना अडलं. तिने ठोकलं.

“कोण?”

“बाबा, मी. दार उघडा.”

“शब्द?”

“टाचणी.”

आत थोडा वेळ नुसता टीव्ही बोलत राहिला. मग बाबांचा आवाज आला, पण तो दाराकडे तोंड करून नव्हता.

“ऐकलंस का गं? तू म्हणालीस तसंच झालं बघ. आवाजसुद्धा हुबेहूब.”

“बाबा, आत कोण आहे?”

“माझी मुलगी घरी आहे,” बाबा दाराशी येऊन म्हणाले. “मघाशीच आली. तुम्ही जा इथून.”

तुम्ही. जन्मात त्यांनी तिला तुम्ही म्हटलं नव्हतं. तिने दोन्ही तळहात पिवळ्या रंगावर टेकवले आणि जमेल तितक्या शांतपणे, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूने बोलायला सुरुवात केली.

“बाबा, वर बघा. वरची कडी बघा. उघडी आहे ना? ती रोज कोण लावतं? मी लावते. तुमचा हात पोचत नाही. मी बाहेर आहे, म्हणून ती उघडी आहे. बघा बाबा.”

टीव्हीचा आवाज कमी झाला. बाबा तो कधी कमी करत नसत.

“हो गं,” बाबा हळूच म्हणाले. “उघडी आहे खरी.”

पाठीमागचा जिना रिकामा होता. तरी तिथे पुष्कळ माणसं श्वास धरून बसल्यासारखं तिला वाटलं. तिने मान वळवली नाही. आत मधली कडी खडखडली, बाबांची बोटं त्या कडीवर आली होती. तिला ती बोटं लाकडापलीकडून ओळखता आली.

“थांबा बाबा,” आतून कोणीतरी मायेने म्हटलं.

पायातल्या सपाता घासत दाराशी आल्या. टाचा उचलल्यावर होते तशी सपातांची बारीक फटफट झाली.

आणि तिच्या डोक्याच्या वीतभर वर, वरची कडी लागली.